अय्या आधी कुणाकडे गेले?

आमच्या गल्लीत भांडण झालं की कोण काय बोललं, कुणी कुणाचं खानदान काढलं, याचं कुणाला फारसं अप्रूप नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर एकच प्रश्न विचारला जाई : अय्या आधी कुणाकडे गेले?

अय्या म्हणजे चर्चचे पाळक, रेव्हरंड रत्नाकर अमोलिक. मद्रासच्या पेरंबूर भागात, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या अलीकडे आमची गल्ली होती आणि गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं चर्च. मंडळी, म्हणजे चर्चला येणारी माणसं, सगळी तमिळ, आणि पाळक मात्र नगर जिल्ह्यातला. तरुणपणी पाळकाचं शिक्षण घ्यायला मद्रासला आला, इथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं आणि राहिला तो राहिलाच. तमिळ घडाघडा बोलायचे, पण असं की जणू प्रत्येक शब्द आधी नगरच्या खडकावर आपटून घेतला आहे. मंडळी मान खाली घालून हसायची आणि वर म्हणायची, अय्यांचं प्रवचन म्हणजे झोप येत नाही.

मी विद्युलता. माझ्या नवऱ्याला कारखान्यात नोकरी लागली म्हणून छप्पन साली अलिबागहून इथं येऊन पडले. पडले असंच म्हणते, कारण मला विचारून कुणी आणलं नव्हतं. पाणी मचूळ, उकाडा असा की घाम पुसायचं फडकंच घामेजून जायचं, आणि भाषा तर विचारू नका. पहिल्याच आठवड्यात भाजीबाजारात मी बोटानं खुणा करत उभी होते. भाजीवाली मला एकेक जुडी उचलून दाखवत होती आणि मी मान हलवत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, “कोथिंबीर पायजे ना? कोत्तमल्ली म्हना, देईल ती.” वळून पाहिलं तर पांढरा झगा खोचून सायकल धरलेला एक काळासावळा, उंच माणूस. मला बाजारात रडू फुटलं. कोथिंबिरीसाठी रडलेली मी एकटीच असेन.

तेव्हापासून पाळकसाहेब आमच्याकडे येऊ लागले. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती, पण त्यांना ज्वारीची भाकरी मिळण्याचं ठिकाण गल्लीत एकच होतं. ज्वारी मिळवायची खटपट तेच करत आणि भाकरी थापायची मी. मी कोकणातली, तांदळाच्या भाकरीवर वाढलेली. माझी ज्वारीची भाकरी चिरा पडल्याशिवाय कधी झाली नाही. ते म्हणायचे, “बाई, चिरा असू द्या. त्यातून ठेचा चांगला मुरतो.” त्या माणसाला कुठल्याही गोष्टीची चांगली बाजू सापडायची. मला याचा राग यायचा.

त्यांचं काम काय, हे मला आधी कळतच नसे. रविवारी उपासना, हे ठीक. पण सोमवार ते शनिवार हा माणूस सायकलवर असे. कुणाचा बाप दवाखान्यात, त्याच्या उशाशी बसायचं. कुणाचं पोर कारखान्यात चिकटवायचं म्हणून फोरमनकडे खेटे घालायचे. उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की बादल्यांची रांग लावायला स्वतः उभं राहायचं, कारण ते नसले तर बादल्या डोक्यात बसत. महिन्यातून एकदा गाडीनं एन्नोरला जायचं. तिथल्या कोळीवाड्यात झावळ्यांच्या मांडवात उपासना घ्यायची आणि चपलांत वाळू नि झग्याला मासळीचा वास घेऊन परत यायचं. तो वास आला की मला माहेर आठवायचं, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि भांडणं. भांडणं म्हणजे त्यांचं खरं शेत. ख्रिस्ती असो, हिंदू असो, कोपऱ्यावरचा मुसलमान पिंजारी असो, अय्यांना सगळी सारखी. आणि मिटवायची रीत त्यांची स्वतःची. ती मला माझ्याच अंगावर कळली.

आमच्या वरच्या मजल्यावर कृष्णस्वामी म्हणून बँकेतले गृहस्थ राहत. त्यांच्या बायकोनं गच्चीवर वडाम घातले होते, म्हणजे आपल्या कुरडया-सांडग्यांसारखं वाळवण. झाकायला धोतर आणते म्हणून खाली गेली आणि गप्पा मारत बसली. कावळ्यांनी निम्मं वाळवण फस्त केलं. मी त्या दिवशी खाली सुकट भाजली होती. झालं. कावळे माझ्या सुकटीच्या वासानं आले, असं तिनं जिन्यात उभं राहून सगळ्या चाळीला ऐकवलं. मला तमिळ तेव्हा शिव्यांपुरतं समजायला लागलं होतं, त्यामुळे सगळं समजलं. मी माझ्या मराठीत जे काही दिलं, ते तिलाही समजलं असावं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, बाई, चूक तिची आहे, उघडं वाळवण टाकून गेली ती. मी म्हटलं, देवा, या शहरात एक तरी शहाणा माणूस आहे. मग ते म्हणाले, “म्हणून तुम्ही वर जा आणि बोला तिच्याशी.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच काही घोटाळा झाला. चूक तिची आणि जायचं मी?

“चुकलेल्याची मान आधीच दुखत असती, बाई. ती वाकत न्हाई. ज्याचं बरोबर हाय, त्याची मान मोकळी. त्यानंच वाकावं.”

मी म्हटलं, हा कुठला न्याय? ते म्हणाले, न्याय कोर्टात मिळतो, तिकडं जायला बस आहे. मला ही गल्ली चालवायची आहे.

चार दिवस मी धुसफुसत होते. पण जिन्यात दोघी समोरासमोर आलो की भिंतीला चिकटून जाणं मलाच नकोसं झालं. शेवटी गेले वर. तोंड वाकडं करूनच गेले, पण गेले. ती बाई दारातच रडायला लागली आणि मला उरलेले वडाम तळून घातले. पुढे तिच्यासारखी मैत्रीण मला मिळाली नाही. तरीही सांगते, चूक तिचीच होती.

या रीतीमुळे गल्लीत एक गंमत होऊन बसली. अय्या ज्याच्या दारात आधी जातील, त्याचं बरोबर, हे सगळ्यांना ठाऊक झालं. त्यामुळे भांडण झालं की दोन्ही घरं दार उघडं ठेवून बसत. अय्या दारात आले की माणूस फुलून जाई आणि पुढच्याच क्षणी त्याच्या ध्यानात येई, की आता वाकायचं आपल्यालाच आहे. आणि जो आधी वाकला, तो बरोबर, हाही मग हिशेब ठरून गेला. अय्यांना निवाडा करायचा नव्हता, पण गल्लीनं त्यांच्या सायकलीचाच निवाडा करून टाकला होता.

आता अप्पाजींचं सांगते.

आमच्या समोरच्या घरात अप्पाजी राहत. तंजावरचे मराठी, निवृत्त हेडमास्तर. तीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर आलेल्या लोकांपैकी आम्ही, हे ते पहिल्या भेटीत सांगत आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत आठवण करून देत. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेलाची. ‘आहे’ला ‘अहे’ म्हणत, ‘मला’ला ‘मज’. आमची मराठी त्यांना कालची पोर वाटे. रोज दुपारी चारच्या सुमाराला पाळकसाहेबांची सायकल त्यांच्या ओट्याला टेकायची. महालक्ष्मीअक्का, म्हणजे अप्पाजींची बायको, दोन पितळी पेल्यांत कॉफी आणून ठेवायच्या. मग दोघांचा वाद सुरू. अप्पाजी म्हणायचे, पाद्री, तुमची मराठी दगडांत वाढली, तिला पाणी नाही. पाळकसाहेब म्हणायचे, तुमच्या मराठीत पाणीच जास्त, सांबारासारखी झाली. दोघंही खूश. सबंध मद्रासेत त्यांना एकमेकांशिवाय भांडायला मराठीतून कुणी नव्हतं. मी होते, पण मला ते बाई म्हणून सोडून देत.

अप्पाजींचा एकुलता एक मुलगा चंद्रमौळी. रेल्वेच्या ऑफिसात कारकून. त्याच ऑफिसात सरोजा नावाची टायपिस्ट होती, पाळकसाहेबांच्याच मंडळीतली. व्हायचं ते झालं. अठ्ठावन्न सालच्या चैत्रात दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड थाटलं.

अप्पाजींनी मुलाचं नाव घरात बंद केलं. आणि त्याच दिवशी पाळकसाहेबांची सायकल ओट्यावरून परत पाठवली. पाद्र्यानं माझा मुलगा फोडला, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण पाळकीणबाईंनी सांगितलं होतं. चंद्रमौळी आणि सरोजा आधी पाळकसाहेबांकडेच गेले होते, आमचं लग्न लावा म्हणून. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं मोठ्यानं वाचतात. पाळकसाहेबांनी साफ सांगितलं, तुझ्या बापाला तू स्वतः सांगेपर्यंत मी तुझं नाव वाचणार नाही. पोराची छाती झाली नाही. शेवटी गेले रजिस्ट्रारकडे. म्हणजे लग्न लावलं नाही म्हणून सरोजाचा बाप पाळकसाहेबांवर खार खाऊन, आणि लावलं म्हणून अप्पाजी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी त्या माणसाची गत.

पाळकसाहेबांनी स्वतः गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. चार वाजता त्यांची सायकल आमच्या घरावरून सरळ पुढे निघून जाई. समोरच्या ओट्यावर अप्पाजी ताडाच्या पंख्यानं वारा घेत तोंड फिरवून बसत. दोन म्हातारे होत चाललेले पुरुष, आणि दोघांच्याही कॉफीची वेळ टळत होती. मला दोघांचाही संताप यायचा.

पुढे सरोजाला मुलगी झाली. बातमी गल्लीत आली, पण समोरच्या घरात नेऊन पोचवायची कुणाची टाप नव्हती. महालक्ष्मीअक्कांना कशी कळली, देव जाणे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डाव्यानं फक्त उजेड दिसायचा, उजव्यानं माणूस आल्याचं कळायचं. डॉक्टर शस्त्रक्रिया म्हणत होते आणि अप्पाजी पुढच्या महिन्यात म्हणत होते.

एके दिवशी दुपारी, अप्पाजी झोपलेले असताना, अक्का भिंत चाचपडत आमच्याकडे आल्या. पदराखालून त्यांनी एक दुपटं काढलं. जुन्या नऊवारीचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं, दुहेरी करून शिवलेलं. टाके वेडेवाकडे. एका ठिकाणी तर शिवण कापड सोडून हवेतच गेलेली. नुसत्या हातानं चाचपून शिवलं होतं ते त्यांनी.

“कुणास लागलं तर दे,” एवढंच त्या म्हणाल्या. कुणास, ते सांगितलं नाही. मग जराशानं विचारलं, “विद्युलता, तूं पाहिलीस की? कोणासारखी अहे?”

मी पाहिली होती. बाजारात, सरोजाच्या कडेवर. मी सांगितलं, कपाळ तुमचं आहे. अक्कांनी आपल्या कपाळावरून हात फिरवला, जणू तिथं काही आहे का ते बघतात, आणि भिंत धरून परत गेल्या.

त्या गेल्यावर मी ढसढसा रडले. रडून झाल्यावर मला असा काही राग आला, की तशीच दुपटं उचलून मी चर्चच्या आवारात पाळकसाहेबांच्या घरी गेले. ते जेवून आरामखुर्चीत पडले होते. पाळकीणबाई आत भांडी लावत होत्या. मी दुपटं टेबलावर ठेवलं. ते कुणी शिवलं आणि कसं शिवलं, ते सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं, ती हवेत गेलेली शिवण बोटानं पाहिली आणि खाली ठेवलं.

म्हणाले, “म्हातारा ऐकायचा न्हाई. त्याच्याशी बोलायला पायजे कुनीतरी.”

“बोलायलाच आले आहे,” मी म्हटलं. “पण त्यांच्याकडे नाही. मी आधी तुमच्याकडे आले आहे.”

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

पाळकसाहेबांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा गल्लीतल्या प्रत्येकाचा त्यांच्यासमोर कधी ना कधी झाला होता. त्यांचं काय चुकलं, असं त्यांनी मला विचारलं. लग्न लावायला त्यांनी नकार दिला होता. त्यापायी स्वतःच्या मंडळीची बोलणी खाल्ली होती. वर हा म्हातारा गावभर बदनामी करत फिरतो. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. म्हणून तर आले. ते म्हणाले, हे वेगळं आहे. मी म्हटलं, सगळे हेच म्हणतात. मीही म्हटलं होतं, वडामच्या वेळी.

ते खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले की तुम्ही फार बोलता. पाळकसाहेब चिडलेले मी तेवढेच पाहिले. पाळकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, नवऱ्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या की मला इतकी वर्षं हे सांगायचं होतं, बरं झालं बाहेरचं कुणी आलं. मी दुपटं उचललं आणि घरी आले. निघताना मजा आली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मुद्दाम दारात तांदूळ निवडत बसले. सायकल आली. आज ती सरळ गेली नाही. पाळकसाहेबांनी ती समोरच्या ओट्याला टेकवली, चपला काढल्या आणि पायरीच्या खाली उभे राहिले. नळावरच्या बायका थांबल्या. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज थांबला.

पाळकसाहेब म्हणाले, “अप्पाजी, माझी चूक झाली. माफी मागायला आलोय.”

मला वाटलं, झालं. आता म्हातारा विरघळणार. पण अप्पाजी ताडकन उठले. त्यांचा पंखा खाली पडला. आधी आलात म्हणजे तुमचं बरोबर, आणि माझं चूक, हेच गल्लीला दाखवायला आलात ना, असं ते ओरडले. मज हेडमास्तराला शाळा शिकवतां काय?

हे पाळकसाहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. इतकी वर्षं ज्या चावीनं ते गल्लीतली सगळी कुलपं उघडत होते, ती आज त्यांच्या स्वतःच्याच दाराला अडकली होती. आलं तरी चूक आणि न आलं तरी चूक. मी तांदळात बोटं घालून बसले आणि मनात म्हटलं, विद्युलते, केलंस ते पुरे झालं.

अप्पाजी म्हणाले, नुसतं चूक झाली म्हणून चालणार नाही. कसली चूक, ते नाव घेऊन सांगा. पाळकसाहेब म्हणाले की खरं सांगायचं तर लग्न मी लावलेलं नाही. अप्पाजींनी हात झटकला. ते मज पहिल्या दिवसापासून ठाऊक अहे, म्हणाले. रजिस्ट्रारच्या ऑफिसातला कारकून माझाच विद्यार्थी. पोरगा आधीं तुमच्याकडे येऊन गेला, तेंही त्यानंच सांगितलं.

आता चकित व्हायची पाळी आमची होती. ठाऊक होतं, तर मग हा सगळा थयथयाट कशासाठी?

अप्पाजी हळूहळू खाली बसले. आवाज उतरला होता. मला ऐकायला मान पुढे काढावी लागली.

“पोरगा तुमच्याकडे कधीं आला होता?”

“दिवाळीच्या आधी.”

“आणि लग्न चैत्रांत. मधले सगळे दिवस तुम्ही ह्या ओट्यावर बसून माझी कॉफी प्यालांत. मज हसवलांत. तुम्हांस ठाऊक होतं, आणि मज ठाऊक नव्हतं. मुलगा गेला, तो एक गेला, पाद्री. पण तुम्ही मज मूर्ख करून बसवलांत.”

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला समजलं. पोरानं पाळक म्हणून विश्वासानं सांगितलं होतं, ते फोडता येत नाही, हा त्यांचा धर्म. बरोबरच होतं ते. पण ते बोललेच नाहीत. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

मग म्हणाले, “पोराचं गुपित मला फोडता आलं नसतं, अप्पाजी. आजबी येनार न्हाई. पन मला कॉफीला यायचं थांबवता आलं असतं. तुमच्या तोंडाकडं बघून मी हसत व्हतो. तेवढं माझं चुकलं.”

अप्पाजींनी खाली पडलेला पंखा उचलला, झटकला. “आतां खरं बोललांत,” म्हणाले. आणि थोड्या वेळानं, अगदी हेडमास्तरासारखं विचारलं, “मग आतां बरोबर कोण?”

“मला वाटत व्हतं मी,” पाळकसाहेब म्हणाले. “आता ठाऊक न्हाई.”

अप्पाजी उठून आत गेले. कॉफी आली नाही. पाळकसाहेबांनी चपला घातल्या आणि सायकलीवर न चढता ती हातात धरून नेली. नळावर त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाला काही ठरवता येईना. अय्यांनी माफी मागितली, आणि खरीच चूक निघाली. मग आता धरायचं काय? कृष्णस्वामींची बायको म्हणाली, हा खटला वरच्या कोर्टात गेला.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. सकाळची वेळ. समोरचं दार उघडलं आणि अप्पाजी बाहेर आले. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला पगडी, खांद्यावर जरीकाठी उपरणं. असे ते फक्त पेन्शनरांच्या समारंभाला गेलेले मी पाहिले होते. मागे महालक्ष्मीअक्का, नवी नऊवारी नेसून, चौकट धरून उभ्या.

अप्पाजींनी रस्त्यातूनच मला हाक मारली आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “तें दुपटं अहे, की देऊन टाकलंस?”

म्हणजे म्हाताऱ्याला तेही ठाऊक होतं. दुपारी झोपतो म्हणे. मी धावत आत गेले, दुपटं घेतलं, तशीच घरातल्या साडीवर बाहेर आले. अक्कांनी माझा दंड धरला.

अप्पाजी रस्त्याच्या कडेनं गेले नाहीत. मधून गेले, काठी आपटत, सावकाश, ज्यानं बघायचं त्यानं बघावं असे. चर्चमधली उपासना नुकतीच सुटली होती. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात दारात उभे राहून एकेकाशी हात मिळवत होते. अप्पाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोर बघूनच म्हणाले, “पाद्री, चार वाजतां कॉफीस या. उशीर करूं नका.” पाळकसाहेबांच्या हातात कुणाचा तरी हात होता, तो तसाच राहिला. त्या बिचाऱ्याला आपला हात ओढून घ्यावा लागला.

वाटेत मला राहवलं नाही. मी विचारलं, अप्पाजी, चंद्रमौळीनं यायला हवं होतं ना तुमच्याकडे? अप्पाजी म्हणाले, हवं होतं. चूक त्याची अहे. मी म्हटलं, मग तुम्ही कसे निघालात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नापास मुलीकडे बघतात. एवढी वर्षं गल्लीत राहून हिला गल्लीचा कायदा ठाऊक नाही, असं त्या नजरेत होतं.

तेव्हा मला कळलं. ज्याचं बरोबर, तो आधी जातो. मुलगा आधी आला असता, तर बरोबर तो ठरला असता. आणि अप्पाजींना काही झालं तरी चूक ठरायचं नव्हतं.

चंद्रमौळीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. अप्पाजींनी काठीनं ते वाजवलं. दार उघडलं ते त्यानंच, बनियनवर, गालाला साबण लावलेला, हातात दाढीचा ब्रश. त्याच्यामागे सरोजा, कडेवर पोर. चंद्रमौळीनं ब्रश खाली ठेवला. तो वाकायला लागला, तशी अप्पाजींनी काठी आडवी धरून त्याला थांबवलं.

“पाहून ठेव,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका फाटला की मला तिकडे बघवेना. “मीं आधी आलों अहे.”

माझा दंड एकाएकी मोकळा झाला. अक्का कोण आधी आलं ते ऐकायला थांबल्याच नव्हत्या. दोन्ही हात पुढे करून, मधल्या माणसांना चाचपत, त्या केव्हाच आत पोचल्या होत्या, आणि आपल्या बोटांनी पोरीचं कपाळ बघत होत्या.